नात्याचा रकाना

पहिली नोटीस लागली तेव्हा ऋग्वेदाची मुलगी अठरा दिवसांची होती. बाहेर पार्किंग कंपनीचा माणूस दमयंतीमावशींच्या गाडीचे फोटो काढत असेल, तेव्हा आत बाथरूममध्ये मुलगी मावशींच्या लांब केलेल्या पायांवर पालथी पडून, सगळ्या हॉर्नबी उपनगराला ऐकू जाईल असा टाहो फोडत होती. दार बंद, हीटर चालू, आरसा वाफेनं आंधळा. मावशी तिच्या पाठीवर तांब्यातून पाणी सोडत म्हणत होत्या, "रड बाई, रड. फुप्फुसं मोठी होतात." आणि दाराला टेकून, पोटावरच्या टाक्यांवर हात धरून उभी असलेली ऋग्वेदा कितीतरी दिवसांनी हसत होती.

ती गल्ली खाजगी. एकाला एक चिकटलेली बत्तीस टाउनहाउसं, मधून अरुंद रस्ता, आणि कोपऱ्यात पाहुण्यांच्या गाड्यांसाठी चार जागा. तिथं पाटी, की पाहुण्यांनी तीन तासांहून जास्त थांबू नये. हे पार्किंग सोसायटीनं एका कंपनीच्या ताब्यात दिलं होतं. कंपनीचा माणूस मनाला येईल तेव्हा यायचा, फोटो काढायचा, वायपरखाली पिवळं पाकीट खोचायचा आणि जायचा. त्यानं दार वाजवून विचारलंय, असं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

मावशी नऊला येत आणि साडेबारा-एकला जात. तीन तासांत आटपायला ते काही बँकेतलं काम नव्हतं. आधी ऋग्वेदाची पाठ चोळायची, मग मुलीला तेल, मग अंघोळ, मग शेक. एकदा ओव्याची धुरी दिली तर धुराचा अलार्म असा कोकलला की शेजारचे चौघं बाहेर आले, तेव्हापासून मावशी तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून घेत. मग अळिवाची खीर ढवळता ढवळता मुलीला झोपवायचं, आणि ती झोपेपर्यंत निघायचं नाही. मूल कधी झोपेल हे कोण सांगणार? पाटी लावणाऱ्याला तर मुळीच सांगता आलं नसतं.

दोघींची ओळखही मोठी जुनी नव्हती. आठव्या महिन्यात रिकार्टन भागातल्या इंडियन दुकानात ऋग्वेदा अळीव शोधत होती. मागून एक बाई म्हणाल्या, "खालच्या फळीवर आहे. तू वाकू नको, मी देते." त्या दमयंतीमावशी. नागपूरच्या, एका मोठ्या हॉस्पिटलातून वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या, इथं मुलाकडे राहायला आलेल्या. मुलगा मैत्रेय इथल्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट. ऋग्वेदाच्या आईचा व्हिसा पुण्यात अडकला, सिझेरियन झालं, सहा आठवडे गाडी चालवायला बंदी आली आणि नवऱ्याची, इंद्रनीलची, दोन आठवड्यांची रजा चुटकीसरशी संपली. तेव्हा या बाईंनी एवढंच विचारलं होतं, "किती वाजता येऊ?"

टाक्याच्या कडेची लाली मिडवाइफच्या आधी त्यांनीच ओळखली होती. आणि संध्याकाळ झाली की ऋग्वेदाला जे विनाकारण रडू यायचं, तेही त्यांनीच ओळखलं होतं. त्यावर त्यांनी औषध सांगितलं नाही, सल्ला दिला नाही. फक्त रोज नऊला आल्या.

तर त्या दिवशी मावशी गाडीपाशी गेल्या आणि पिवळं पाकीट घेऊन परत आल्या. "बघ, या वयात मला चिठ्ठ्या येऊन राहिल्या," असं म्हणत त्यांनी ते टेबलावर टाकलं. ऋग्वेदाच्या कपाळाची शीर तडतडली. तीन तासांवर बावीस मिनिटं. मावशी म्हणाल्या, जाऊ दे, भरून टाकते. इंद्रनील संध्याकाळी आला तो म्हणाला की छे, भरायचं कशाला, अपील करू, मी बघतो.

इंद्रनील हा फॉर्म भरणारा माणूस होता. हरवलेल्या बॅगेचे पैसे त्यानं विमान कंपनीच्या नरडीतून काढले होते, वीजबिलातली चूक शोधून महिन्याचं बिल माफ करून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवता जेवता त्यानं फोनवरच अपील भरलं आणि अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्यात काय लिहिलंय हे ऋग्वेदानं विचारलं नाही. दूध पाजताना आणि पाजून झाल्यावर माणूस काही विचारण्याच्या स्थितीत नसतो.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी नऊ वाजले, सव्वानऊ झाले, मावशी आल्या नाहीत. पाणी काढून ठेवलेलं निवत गेलं. साडेनऊला मेसेज आला: "यापुढे येणं जमणार नाही. बाळाला जप. टाक्यांना तेल लागू देऊ नको."

ऋग्वेदानं फोन केला. वाजला, बंद झाला. पुन्हा केला. मग मैत्रेयला केला. एरवी हा मुलगा तिला ताई म्हणायचा आणि अर्धं बोलणं थट्टेत घालवायचा. आज तो फार नीट बोलला. म्हणाला, आईच्या नावानं कंपनीचं पत्र आलंय, तुम्हाला फोटो पाठवतो, आणि आईला दोन दिवस फोन करू नका, प्लीज.

ते पत्र ऋग्वेदानं उभ्याउभ्याच वाचलं. लिहिलं होतं की सतरा नंबरच्या रहिवाशांनी आपल्या अपिलात दिलेल्या माहितीनुसार, या गाडीची चालक ही त्यांनी घरकामासाठी पगारी ठेवलेली मदतनीस आहे. तिच्याकडे कुठल्याही संस्थेचं ओळखपत्र नसल्यानं तिला सूट लागू होत नाही. उलट, कामावर येणाऱ्यांच्या गाड्यांना पाहुण्यांच्या जागेत एक मिनिटही उभं राहता येत नाही. सबब, आमच्या माणसानं काढलेल्या फोटोंत दिसलेल्या आणखी सहा दिवसांच्या सहा नोटिसा सोबत जोडल्या आहेत. रहिवाशांनी चूक कबूल करून दिलगिरी व्यक्त केलेली असल्यानं अपील फेटाळण्यात येत आहे.

घरकामासाठी पगारी ठेवलेली. ती ओळ तिनं तीनदा वाचली. डोक्यात रक्त चढतं म्हणतात ते तिला कानांत ऐकू आलं.

इंद्रनीलला तिनं फोन करून मीटिंगमधून बाहेर बोलावलं. तो आधी समजावण्याच्या सुरात होता. म्हणाला, फॉर्ममध्ये नात्याचा रकाना होता. नातेवाईक, मित्र किंवा मदतनीस, तिघांतलं एकच निवडता येत होतं. नातेवाईक लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. मित्र लिहिलं असतं तर ते म्हणाले असते, मित्राला एवढा वेळ कशाला लागतो. पाटीवर खाली बारीक अक्षरात मदतनिसांना सूट होती, म्हणून त्यानं डोकं चालवलं.

"आणि पगारी?"

"पगारी असेल तरच सूट होती गं. एक शब्द आहे. कोण वाचतंय?"

"ज्यांना वाचायला नको होतं त्यांनी वाचलंय. कितीचा पगार देतोस तू त्यांना?"

पलीकडे त्यानं मीटिंगच्या खोलीचं दार ओढून घेतल्याचं ऐकू आलं.

"आणि दिलगिरी कशाबद्दल?"

तर म्हणे, अर्जाची सुरुवात नम्रपणे करायची असते. शाळेत नववीत शिकवलेला अर्ज त्यानं जसाच्या तसा इंग्रजीत उतरवला होता. माननीय महोदय, आमच्या हातून घडलेल्या चुकीबद्दल क्षमस्व, कृपया मोठ्या मनानं. शंभरापैकी नव्वद मार्क मिळवणाऱ्या मुलानं हात जोडून कंपनीला स्वतःचा कबुलीजबाब लिहून दिला होता. ऋग्वेदाला हसू आलं आणि त्या हसण्याचा तिलाच राग आला. तिनं फोन ठेवला.

मुलीला छातीशी बांधायच्या झोळीत घातलं, वर इंद्रनीलचं जाकीट चढवलं आणि ती एक नंबरच्या घराकडे निघाली. तिथं ट्रेव्हर राहायचा, सोसायटीचा चेअरमन. माणूस वाईट नव्हता. मुलगी झाली तेव्हा आपल्या झाडाची लिंबं पिशवीत घालून दारात ठेवून गेला होता. त्यानं तिला आत बसवलं, पत्र वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, हे तर अगदी सोपं आहे. सोसायटीकडे कामगारांसाठी वार्षिक परवाना आहे. ही बाई तुमच्याकडे कामाला आहे असं तुम्ही सही करून द्या, मी आजच परवाना काढतो, कंपनीला फोन करतो, सातही नोटिसा रद्द. स्वीट ॲज, म्हणजे एकदम झकास.

त्यानं खरंच कपाटातून छापील कागद काढला. वर पेन ठेवलं.

ऋग्वेदानं इंद्रनीलला मेसेज केला. उत्तर लगेच आलं. सही कर, विषय संपव, मावशींना नंतर समजावू.

मुलगी झोळीत चुळबुळली. ऋग्वेदानं पेन उचललंसुद्धा. एक सही केली की सगळं मिटत होतं, आणि आज रात्री शांत झोप लागली असती. कागदावर ठळक अक्षरात मालकाचं नाव अशी जागा होती. तिथं तिला आपलं नाव लिहायचं होतं.

तिनं पेन खाली ठेवलं.

"त्या माझ्याकडे कामाला नाहीत," ती म्हणाली.

ट्रेव्हरनं भुवया उंचावल्या. "मग त्या कोण आहेत?"

मावशी, असं ती मराठीतच म्हणून गेली. मग त्याचा अर्थ सांगायला लागली तर तो आईची बहीण होईना, शेजारीण होईना, मैत्रीण होईना. ट्रेव्हर शांतपणे वाट पाहत होता, आणि त्याच्या त्या शांतपणानं ती आणखी पेटली.

"एकतीस वर्षं त्या वॉर्ड सिस्टर होत्या," ती म्हणाली. "त्यांच्या हाताखाली वीस जणी होत्या. त्यांना ठेवण्याची आमची ऐपत नाही, ट्रेव्हर. त्यांच्या मनात आलं म्हणून त्या येतात. माझ्या नवऱ्यानं खोटं लिहिलंय. त्याचा दंड आम्हाला करा."

ट्रेव्हरनं कागद परत कपाटात ठेवला. म्हणाला, मग हे कठीण होईल. लिहिलेलं खोटं होतं असं नवऱ्यालाच लेखी कळवावं लागेल. पहिली नोटीस भरावी लागेल, कारण तो वेळ खरोखर जास्त झाला होता. बाकी सहांसाठी कंपनीशी भांडावं लागेल, आणि ते लोक चिवट आहेत. तुम्हाला खात्री आहे ना, एका सहीचं काम आहे.

खात्री आहे, ती म्हणाली, आणि निघताना दार जरा जोरातच लागलं.

दुपारी ती मुलीला घेऊन बसनं रिकार्टनला, मैत्रेयच्या घरी गेली. फोन करू नका असं मैत्रेय म्हणाला होता, येऊ नका असं काही म्हणाला नव्हता. दार मावशींनीच उघडलं. क्षणभर त्यांची नजर झोळीकडे गेली आणि त्यांनी ती परत वर आणली. या, बसा, म्हणाल्या. पहिल्यांदाच तिला अहोजाहो करत होत्या. चहा आला, सोबत चिवडा आला, पाण्याचा पेला आला. मुलीला त्यांनी हात लावला नाही.

"मी नाही लिहिलं, मावशी."

"ठाऊक आहे मला." त्या समोर बसल्या. "इंग्रजी चांगलं आहे त्या कंपनीवाल्यांचं. एकदा वाचलं तरी सगळं समजलं."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली ती बातमी सांगावी तशी, आवाज न चढवता.

"माझी माय गावात सुईण होती. अख्ख्या गावाची बाळंतपणं करायची, पाटलाच्या घरची पण. मूल काढायची, न्हाऊ घालायची. तेवढे बारा दिवस तिचे हात चालायचे. घरात, न्हाणीत, बाळंतिणीच्या खाटेपाशी. तेराव्या दिवशी गेलं की चहा अंगणात. कप वेगळा, गोठ्याच्या कोनाड्यात उपडा ठेवलेला. दाणे वरून पदरात टाकायचे. मी सोबत असायची, आठ वर्षांची असेन. तेव्हाच ठरवलं, मायचे हात घ्यायचे, पण असं उभं राहायचं नाही. नर्स झाली. कुणाच्या घरी मजुरीनं मूल न्हाऊ घातलं नाही कधी. तुझ्या पोरीला घातलं ते मनानं घातलं." त्यांनी पेला सरकवला. "कागदावर तुम्ही मला पुन्हा अंगणात नेलं."

कंपनीवरचा राग, इंद्रनीलवरचा राग सकाळपासून तिला उभं धरून होता. आता तो वळून तिच्याकडेच बघायला लागला. कारण तिला आठवलं, तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओवर आई पुण्याहून म्हणाली होती, बाई मात्र छान मिळाली हो तुला. मावशी मागे खीर ढवळत होत्या. आणि ऋग्वेदा म्हणाली होती, हो ना.

"आई तेव्हा बाई म्हणाली," ती म्हणाली. "मी काही बोलले नाही."

"ऐकलं होतं मी."

"मग तुम्ही..."

"मी म्हटलं, लांब आहे बिचारी, पोरीपाशी येता येत नाही, जाऊ दे. ते तोंडातून गेलेलं होतं. हे तुमच्या घरातून लिहून गेलं." मावशींनी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "लिहिलं कुणी?"

"इंद्रनीलनं."

"मग तू काऊन आली?"

आपण का आलो ते सांगायला ऋग्वेदा तोंड उघडते तोच त्यांनी बशी पुढं केली. चिवडा खा, म्हणाल्या, माझ्या दारातून कुणी तसंच जात नाही. ऋग्वेदानं तो खाल्ला. एकेक घास गिळताना तिला कळत होतं की आपल्याला कुठं बसवलंय. सोफ्यावर, मधोमध, पाहुण्यासारखं.

त्या संध्याकाळी इंद्रनील आला तो तयारीनं आला होता. सुधारित पत्राचा मसुदा, कायदेशीर मुद्दे, ट्रिब्युनलमध्ये जायची वेळ आली तर काय काय लागेल त्याची यादी. ऋग्वेदानं सगळं ऐकून घेतलं. पत्र धाड, म्हणाली, आज, आत्ता. त्यात क्षमस्व कुणाला लिहायचंय ते नीट बघ. आणि शनिवारी तू रिकार्टनला जाशील. एकटा.

"पत्राची प्रत पाठवतो ना त्यांना. शिवाय फोन—"

"इंद्रनील."

"मी काय बोलू तिथं जाऊन?"

"ते तुझं तू ठरव. तिथं काही रकाने नाहीत."

तो चिडला. म्हणाला, मी वाईट हेतूनं केलं का, त्यांचाच दंड वाचवायला केलं, एका शब्दावरून तुम्ही सगळ्यांनी मला फाशी द्यायचीच बाकी ठेवली आहे. ऋग्वेदा म्हणाली, हेतू तुझा होता, शब्द त्यांच्या कपाळावर गेला. मग त्यांनी एकमेकांना जुनं-नवं बरंच ऐकवलं. मुलगी उठली म्हणून ते थांबलं. दोन दिवस ऋग्वेदानं तिला बेसिनमध्ये नुसतं पुसून काढलं. मांडीवर घ्यायला वाकलं की टाके ओढायचे. मुलगी बेसिनमध्ये रडायची तेव्हा ऋग्वेदाही रडायची, आणि तिला आपण कुणावर रडतोय हे नेमकं ठाऊक असायचं.

शनिवारी इंद्रनील नऊला गेला. दहा वाजले, साडेदहा झाले. गाडी वळली तेव्हा ऋग्वेदा खिडकीत होती. शेजारच्या सीटवर मावशी होत्या. इंद्रनील धावत जाऊन दार उघडणारा माणूस नव्हता. आज त्यानं उघडलं. त्याचे डोळे लाल होते. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

मावशी हॉलमध्ये बसल्या. एरवी त्या आल्या की कोट काढून सरळ बाह्या सारत आत जात. आज कोट अंगावरच होता, पर्स मांडीवर. इंद्रनीलनं चहा केला, ट्रेमध्ये आणला, बिस्किटांची बशी पुढे केली. त्यांनी तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"पाणी काढलं का?" त्यांनी विचारलं.

ऋग्वेदाचा जीव भांड्यात पडला. तिनं बादली भरली, हीटर लावला, टॉवेल उबेला टाकला, मुलीचे कपडे उतरवले. धावपळीत टाका खुपला तोही कळला नाही. मावशी उठल्या, जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलून त्यांनी बाथरूमच्या दारात ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

"इंद्रनील," त्या म्हणाल्या, "पँट वर कर. बस खाली. पाय लांब."

त्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं नजर दिली नाही. तो फरशीवर बसला, गुडघ्यापर्यंत पँट गुंडाळली आणि त्याच्या केसाळ नडग्यांवर ऋग्वेदानं मुलीला पालथं ठेवलं. मुलगी आजवर रडली नव्हती अशी रडली.

"मावशी, ही घसरते आहे."

"डावा हात छातीखाली. मान मोकळी ठेव, नाक बघ. दाबू नको. आता तेल. नुसतं चोपडू नको, जिरव."

"असं?"

"अंगठ्यानं. कण्याच्या दोन बाजूंनी, कण्यावर नाही."

ऋग्वेदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं हळूच विचारलं, उद्या याल ना.

"येईन," मावशी पुढं बघतच म्हणाल्या. "भेटायला येईन. न्हाऊ घालायला नाही आता." मग आत बघून, "पाणी पाठीवरून सोड, डोक्यावर एकदम नाही. पहिले तुझ्या हातावर घे."

इंद्रनीलनं तांब्या उचलला. अर्धं पाणी फरशीवर गेलं. मुलीचा आवाज फाटला, श्वास अडकून एक क्षण सगळं गप्प झालं. मावशींचे दोन्ही हात पर्सवरून उचलले गेले. मुलीनं पुन्हा आवाज लावला तेव्हा त्यांनी ते परत खाली, पर्सवर ठेवले आणि पुढचं सांगायला लागल्या.